भट्टी विझल्यावर

१४ मार्च

तीर्थरूप बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तुमची सून मजेत आहे. नात अभ्यासाच्या नावाखाली दार लावून झोपा काढते. आत्याचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, मलम लावायचं असतं, कपाटात जपून ठेवायचं नसतं.

फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही प्रत्येक वाक्याला "हो हो, बरं बरं" म्हणता आणि शेवटी विचारता, "मग काय म्हणत होतास?" कानातलं यंत्र घाला म्हटलं की रागावता. आणि आज जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही. म्हणून पत्र. चष्मा लावून, एका बैठकीत, शेवटपर्यंत वाचा एवढीच विनंती.

आमच्या कारखान्यातली भट्टी विझली, हे तुम्हाला अजून कुणी सांगितलं नसेल. काचेची भट्टी म्हणजे चूल नव्हे. एकदा पेटली की वर्षानुवर्षं रात्रंदिवस जळते. तिला सुट्टी नाही, म्हणून आम्हालाही नव्हती. तुम्ही म्हणायचात ना, "त्या भट्टीशीच लग्न लावायचं होतंस"? तर कंपनीने ठरवलं, औषधाच्या बाटल्या आता प्लास्टिकच्या खपतात, काच परवडत नाही. आतला वितळलेल्या काचेचा सगळा रस वाहून काढला आणि काही दिवसांत शेडमध्ये गारठा पडला. जिथे आम्ही कधी शर्टाचं वरचं बटण लावलं नव्हतं, तिथे माणसं स्वेटर घालून हिशेब मिटवायला रांगेत उभी राहिली.

या माणसांचं पुढे काय, हा प्रश्न होता. कंपनीने त्यासाठी बाहेरून एक संस्था बोलावली. नोकरी गेलेल्यांना, किंवा नोकरीत अडकलेल्यांना, पुढची वाट शोधायला मदत करणारी माणसं. त्यांना कोच म्हणतात. आमच्या लोकांनी पहिल्या दिवशीच विचारून घेतलं, "कोच म्हणजे बसायचा की खेळाचा?"

त्यात एक बाई होत्या. हे पत्र त्यांच्याबद्दल आहे. त्यांचं नाव मी मुद्दाम नंतर सांगणार आहे. तुम्ही शाळेत पेपर तपासायला घ्यायचात तेव्हा नावाची बाजू दुमडून टाचणी लावायचात, म्हणजे हात कुठे झुकायला नको. हे पत्रही तसंच वाचा.

पहिली बैठक कँटीनमध्ये झाली. मोठ्या साहेबांनी माइकवर दोन शब्द सांगितले, म्हणजे वीस मिनिटं बोलले, आणि बाईंना पुढे बोलावलं. बाईंनी माइक घेतलाच नाही. बाकं एकमेकांसमोर वळवायला सांगितली आणि मधल्या एका बाकाच्या टोकाला जाऊन बसल्या. आमचा भट्टीवरचा फोरमन, ज्याला सगळे जमदग्नी म्हणतात, तो याचीच वाट बघत होता. उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, एक सांगा. तुमची नोकरी कधी गेलीय?"

 मी मागे चहाच्या पिंपाशी उभा होतो. 

बाई म्हणाल्या, "गेली नाही. मी सोडली होती. चांगली, कायमची, पेन्शनची नोकरी. घरात ते अजून कुणाला पटलेलं नाही. पण सोडणं वेगळं आणि जाणं वेगळं, हे मला कळतं. म्हणून आज मी काही शिकवणार नाही. भट्टी बंद केली त्या दिवशी तुम्ही कुठे होतात, तेवढं सांगा."

जमदग्नी भांडायच्या तयारीने उभा राहिला होता. या प्रश्नाला त्याच्याकडे शिवी नव्हती. तो खाली बसला आणि सांगायला लागला. झडप त्यानेच बंद केली होती. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. ज्याने पेटती ठेवली त्यानेच विझवायची, असं त्याचं म्हणणं. सांगता सांगता त्याने खिशातून रुमाल काढला आणि डोळ्यांत धूर गेल्यासारखं केलं, पण धूर कुठला आता? त्याच्यानंतर दुसरा बोलला, मग तिसरा. त्या दिवशी बायोडाटा हा शब्दसुद्धा निघाला नाही. मोठे साहेब सारखे घड्याळ बघत होते. बाईंनी एकदाही बघितलं नाही.

बाबा, मी आजवर पुष्कळ भाषणं ऐकली. माणसाला आधी रडून मोकळं होऊ द्यावं आणि मग कामाला लावावं, हे कुणाला सुचलेलं पाहिलं नव्हतं. कामाला मात्र त्यांनी चांगलंच लावलं. लोकांना वाटलं होतं, बाई गोड बोलून जातील. बाई गोड बोलत नाहीत. "मला काही येत नाही" असं कुणी म्हणालं की त्या म्हणायच्या, "हे वाक्य इथे चालत नाही, दुसरं आणा."

तपासणीच्या पट्ट्यावर आमच्याकडे एक बाई होती. उजेडासमोरून जाणाऱ्या बाटल्यांतला बुडबुडा, तडा हेरायची. तिला आम्ही दुर्बीण म्हणायचो. नजर अशी, पण परक्या माणसासमोर तिची दातखिळी बसायची. चष्म्याच्या काचा करणाऱ्या एका कारखान्यात तिला मुलाखतीला बोलावलं. ती दारातून परत आली. दुसरीकडे आत गेली, पण नाव सांगून जे गप्प झाली ते झालीच. लोक म्हणाले, जाऊ दे, हिचं काही खरं नाही. कोचबाई तिच्यावर रागावल्या नाहीत, धीरही दिला नाही. रोज येऊन तिच्याशी मुलाखत-मुलाखत खेळायच्या. कधी जिन्यात, कधी सायकलींच्या शेडमध्ये, एकदा तर बसथांब्यावर चार अनोळखी माणसांसमोर. "लाज इथेच खर्च करून टाका," म्हणायच्या, "तिथे न्यायला उरली नाही पाहिजे." त्याच चष्म्यांच्या कारखान्यात पुन्हा शब्द टाकून त्यांनी दुसरी संधी मिळवली. दुर्बीण आता तिथे काचा तपासते. मला परवा रस्त्यात भेटली, तर माझ्याच चष्म्यावरचा ओरखडा दाखवून गेली.

आता जे मुख्य ते.

कंपनीने बैठका ठरवल्या होत्या त्या संपल्या, तेव्हा निम्म्या माणसांचीसुद्धा पाळी आली नव्हती. मोठ्या साहेबांनी बाईंना आपल्या खोलीत बोलावलं. मीही होतो. एक अहवाल टाइप करून तयार ठेवला होता: सर्व कामगारांना मार्गदर्शन मिळालं, सर्व समाधानी आहेत. खाली बाईंची सही हवी होती. त्या सहीवर कारखाना बंद करायचे कागद पुढे सरकणार होते. साहेब फार गोड बोलले. आमच्या कंपनीचे आणखी कारखाने आहेत, पुढचं सगळं काम तुमच्याच संस्थेला देऊ, असंही म्हणाले.

बाईंनी अहवाल नीट वाचला. वाचून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "ज्यांच्याशी मी बोललेच नाही, ते समाधानी आहेत हे मी कसं लिहू?"

साहेब म्हणाले, "ही औपचारिकता आहे हो."

"माझं काम औपचारिकता नाही," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, खुर्ची ढकलली नाही. कुणाकुणाची पाळी राहिली आहे तेवढं सांगितलं, नमस्कार केला आणि निघाल्या.

त्या घटकेला माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही उभे राहिलात. मी लहान होतो, पण मला आठवतं. वरच्या साहेबांच्या मुलाला पास करा म्हणून घरी माणूस आला होता आणि तुम्ही त्याला चहा पाजून, नमस्कार करून दारापर्यंत सोडलं होतंत. पुढच्याच महिन्यात बदली. आईने भांडी बांधताना एक शब्द काढला नव्हता. आवाज न चढवता नाही म्हणायची ती रीत मी तुमच्यानंतर कुणात पाहिली नव्हती, बाबा. माझ्यात तर नाहीच. मी त्या खोलीत भिंतीला टेकून उभा होतो.

कंपनीने संस्थेचं काम तिथेच थांबवलं. बाईंनी सार्वजनिक वाचनालयाची मागची खोली मागून घेतली आणि ज्यांची पाळी राहिली होती त्यांना तिथे बोलावलं. खोलीत जुन्या मासिकांचे गठ्ठे आणि न जुळणाऱ्या खुर्च्या. जमदग्नी स्वतः येऊन खुर्च्या लावू लागला. त्याला आता एका इस्पितळात बॉयलरवर घेतलंय. तरी सुट्टीच्या दिवशी येतो आणि नव्या माणसांना दटावतो, "बाई विचारतील त्याचं सरळ उत्तर द्या, फाटे फोडू नका."

दुमडलेली बाजू आता उलगडतो. तुम्ही ओळखलंच असेल. ती तुमची धाकटी लेक, बारकी.

पत्र खाली ठेवू नका. एवढं वाचलंत तसं आणखी थोडं वाचा.

तिने बँक सोडली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "चार लोकांशी बोलायचे पैसे घेणार? हा काय धंदा झाला?" त्यानंतर तुम्ही दोघंही एकमेकांशी बोलला नाहीत. मध्ये आई गेली. त्या दिवसांतही तुम्ही एका घरात दोन खोल्यांत बसलात. तुमचं चुकलं की तिचं, हे मी लिहीत नाही. ती काय करते ते तुम्ही पाहिलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नव्हतं. तिच्या कामाबद्दल कुणी विचारलं की मी "सल्लागार आहे" म्हणून विषय बदलायचो. आता पाहिलं, म्हणून लिहिलं.

तुमच्या मनात प्रश्न आला असेल, हा या सगळ्यात कुठे होता? पहिल्या दिवसापासून मागे उभा राहून काय करत होता? लोकांना वाटत होतं, साहेब देखरेखीला आहेत. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. बाबा, ज्यांची नोकरी गेली त्यांच्या यादीत मीही होतो. भट्टीच गेली, मग भट्टीच्या मुख्याचं काय राहतं? तुम्ही बागेत "आमचा थोरला अख्खा कारखाना सांभाळतो" असं सांगत होतात आणि मी तुम्हाला फोनवर "काम जोरात आहे" म्हणत होतो. तुमच्या सुनेला सगळं माहीत होतं. तुम्हाला सांगायला जीभ रेटेना. तुम्हाला धक्का बसेल म्हणून, असं मी म्हणायचो. खरं म्हणजे तुमच्या आवाजातला तो अभिमान मला इतक्यात सोडवत नव्हता.

बारकीने मला पहिल्याच दिवशी गाठलं. कंपनीला तिने आधीच सांगितलं होतं की यादीत माझा सख्खा भाऊ आहे आणि त्याच्याशी मी बसणार नाही. मला म्हणाली, "दादा, भावाला मी जेवायला वाढते, कोचिंग करत नाही. तू माझ्या जोडीदाराकडे जा." तिच्याबरोबर काम करणारे एक उंच, शांत गृहस्थ आहेत, पूर्वी जहाजावर होते. मी बरेच दिवस गेलो नाही. बाकीच्यांना वाट दाखवायची, आपण मात्र पिंपाशी चहा पीत उभं राहायचं, असं चाललं होतं. बारकीने एकदाही ढोसलं नाही. शेवटी वाचनालयातल्या एका बैठकीत जमदग्नीच सर्वांदेखत म्हणाला, "साहेब, खुर्ची रिकामी आहे. बसा की." मी बसलो.

जहाजवाल्यांनी मला विचारलं, कामातला कुठला वेळ तुम्हाला कामासारखा वाटत नव्हता? मला वाटलं होतं मी सांगेन, भट्टीचा ताव जमतो तो क्षण. तोंडातून निघालं वेगळंच. नवीन भरती झालेल्या पोरांना पहिल्या आठवड्यात मी स्वतः भट्टीभोवती फिरवून सगळं समजावून सांगायचो. ते माझं काम नव्हतं. दुसऱ्या कुणालाही सांगता आलं असतं. पण मी ते कधी कुणाला दिलं नाही.

तर बाबा, तुम्ही आम्हाला लहानपणापासून बजावलंत, काहीही व्हा, मास्तर होऊ नका. मी तंत्रशिक्षण संस्थेत शिकवायला लागलो आहे. हुद्दा लहान, केबिन नाही, गाडी नाही. पहिला तास मी वहीत बघून काढला. दुसऱ्या तासाला एका पोराने असा प्रश्न विचारला की उत्तर देता देता मला डब्याची आठवण राहिली नाही.

बारकीला या पत्रातलं काही माहीत नाही. ती तुमची चौकशी माझ्याकडे करत नाही, आत्याकडे करते. आत्याला रागावू नका. वाचनालयाची खोली मोठ्या चौकातल्या घड्याळाच्या मागे आहे, दर शनिवारी सकाळी. मी काही मागत नाही. फक्त पत्ता लिहिला.

आपला आजवरचा आज्ञाधारक आणि आजपासून थोडा कमी,
थोरला


२ एप्रिल

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. बस वेळेवर पोचल्याचं आत्याने कळवलं. तुमची छत्री इथेच राहिली, ती नात वापरते आहे, परत मिळेलशी आशा धरू नका.

तुम्ही गेल्यानंतर जे झालं ते तुम्हाला कळलं पाहिजे, म्हणून लगेच लिहायला बसलो.

तुम्ही न कळवता याल असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं. दारात काठी दिसली तेव्हा मी खुर्च्या मोजत होतो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मान हलवलीत आणि सरळ जाऊन शेवटच्या रांगेत बसलात. जमदग्नीला काय कळणार, त्याने तुम्हालाही दटावलं, "आजोबा, नाव सांगायचं आणि अडचण सांगायची, लाजायचं नाही." बारकी तेव्हा खिडकीशी एका मुलीशी बोलत होती. वळली आणि तुम्हाला पाहिलं. मी तिचा चेहरा बघत होतो. तिने फक्त हातातली पेन्सिल दुसऱ्या हातात घेतली. मग नेहमीसारखी सुरुवात केली, एकेकाला विचारत मागे मागे येत गेली आणि तुमच्यासमोर येऊन थांबली.

तिने तुम्हाला बाबा म्हटलं नाही, हे तुम्हाला लागलं असेल. नंतर तिने मला सांगितलं, त्या खोलीत बाकीची माणसं होती, त्यांची वेळ होती. बाबा म्हटलं असतं तर ती वेळ आमची झाली असती. म्हणून सगळ्यांना विचारते तेच तिने तुम्हाला विचारलं, "तुम्हाला इथे काय मदत हवी?"

आणि तुम्ही, ज्यांनी जन्मभर वर्गात पुढे उभं राहून बाकीच्यांना बसवलं, म्हणालात, "मला ऐकायला कमी येतं. इथे मागे बसून तुझं बोलणं कळत नाही. पुढे बसू का?"

तिने स्वतःची खुर्ची उचलून पुढे नेऊन ठेवली, तुमच्या हाताला धरून तिथे बसवलं, आणि ती तासभर उभ्यानेच बोलली.

आता तुम्हाला माहीत नसलेलं सांगतो. एरवी ती फार हळू बोलते. लोकांना पुढे वाकून ऐकावं लागतं. ती म्हणते, वाकून ऐकलेलं लक्षात राहतं. त्या दिवशी तिने तो अख्खा तास वरच्या पट्टीत काढला. प्रत्येक शब्द सुटा, तोंड तुमच्याकडे. खोलीतल्या लोकांना वाटलं आज बाईंचं काय बिनसलंय. वाचनालयाचे ग्रंथपाल दोनदा डोकावून गेले. जमदग्नीने त्यांना बाहेर नेऊन काय सांगितलं कोण जाणे, ते पुन्हा आले नाहीत.

शेवटी तुम्ही उठलात आणि दाराशी तिला म्हणालात, "शेवटच्या बाकापर्यंत पोचतो तुझा आवाज." मग बसची वेळ झाली म्हणून निघालात. तुम्हाला वाटलं असेल, एवढंच बोललो, फार थोडं झालं. बाबा, नव्या शिक्षकाचा पहिला तास ऐकून तुम्ही हे वाक्य किती जणांना म्हणाला असाल? मला तरी एकच आठवतो, आणि तो माणूस निवृत्त होईपर्यंत ते सांगत फिरायचा. बारकीला ते ठाऊक आहे. आम्ही दोघं त्याच घरात वाढलो.

तुम्ही जिना उतरलात. एक बाई तिच्यासाठी थांबली होती, कचेरीतला वरिष्ठ रोज चारचौघांत पाणउतारा करतो म्हणून रडकुंडीला आलेली. बारकी तिच्याजवळ जाऊन बसली. बोलायला तोंड उघडलं तर आवाजच नाही. घसा पार बसला होता. मी म्हटलं, आजचं राहू दे, घरी चल. तिने मान हलवली आणि त्या बाईचा हात धरून कुजबुजत, खाणाखुणा करत तिच्याशी अर्धा तास बोलली. ती बाई हसत गेली.

खोली रिकामी झाल्यावर तिने मला विचारलं, म्हणजे घशातून जेवढं निघालं तेवढ्यात विचारलं, "त्यांना सगळं ऐकू आलं ना?" मी म्हटलं, आलं. मग ती तुम्ही बसला होतात त्या खुर्चीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही. मी खिडक्या लावल्या, गठ्ठे सारखे केले, उगाच दोनदा केले. जगाला दिवसभर प्रश्न विचारणारी माझी बहीण, तिला आज कुणी काही विचारू नये, एवढं मला कळलं.

काल तिचा घसा उघडला. पहिला फोन आत्याला केला, म्हणे गुडघ्यासाठी. आत्या म्हणाली, "थांब, कुणीतरी शेजारी उभं राहून यंत्र कानात घालतंय."

तुम्ही फोनवर काय बोललात ते मी दोघांनाही विचारणार नाही.

आपला,
बारकीचा दादा